कर्करोग संशोधनासाठी एक कोटी: डिचोलीच्या एका कुटुंबाचं प्रकरण

डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षकांनी पत्नीच्या स्मरणार्थ कर्करोग संशोधकांसाठी फेलोशिप सुरू करायचं ठरवलं. हातात पैसा होता, इच्छा पक्की होती, मुलांचा विरोध नव्हता. तरीही पहिल्या फेलोच्या खात्यात पहिला हप्ता पडायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. तो काळ कुठे गेला हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण गोव्यात असं काही उभं करू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच दारांतून जावं लागेल. या ट्रस्टच्या निवड समितीवर मी पहिल्यापासून आहे. कुटुंबाच्या संमतीनेच हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ दिल्या आहेत.

परळला सुचलेली गोष्ट

मास्तरांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग होता. निदान गोव्यात झालं, पुढचे उपचार मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये. गोव्यातल्या कितीतरी घरांना हा रस्ता पाठ आहे. थिवीला रात्रीची गाडी पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा आणि तारखा संपेपर्यंत घरची गुरं, बागायत शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडायची.

तिथल्या ताटकळण्यात मास्तरांनी त्या रुग्णालयाचा इतिहास समजून घेतला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. मुख्य हेतू: रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकांना मदत, मग ते जगात कुठेही असोत. त्याच वर्षी दोराबजीही वारले. परळचं रुग्णालय उघडलं ते १९४१ मध्ये, म्हणजे संशोधकांना मदत आधी सुरू झाली आणि इमारत नंतर उभी राहिली. मास्तरांच्या मनात हा क्रम पक्का बसला. पत्नी गेल्यावर गावात कुणी स्मारकाची खोली सुचवली, कुणी देवळासाठी सभामंडप सुचवला. ते एकच सांगत राहिले, ‘तिच्या नावाने कुणीतरी या रोगावर काम करायला हवं.’

मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं, आजही पटतं. संशोधकांना पैसा देणारा खाजगी दाता आपल्याकडे विरळा. रुग्णाच्या उपचाराला मदत करणारे पुष्कळ आहेत आणि ते फार मोठं काम करतात. पण प्रश्नाच्या मुळाशी जाणाऱ्याच्या महिन्याच्या खर्चाचा विचार क्वचितच कुणी करतं.

पैसा नेमका कुणाचा

पेडणे तालुक्यातली वडिलोपार्जित बागायत विकून सगळे कर भागवल्यावर कुटुंबाकडे सुमारे २ कोटी आले होते. मोपाला विमानतळ येणार हे ठरल्यापासून त्या बाजूला जमिनींना कसा भाव आला हे गोव्यात कुणाला सांगायला नको. व्यवहार पत्नी हयात असतानाच झाला, विक्रीखतावर तिचीही सही होती, ठेव मात्र मास्तरांच्या नावावर. त्यामुळे २ कोटी आपलेच, असं ते धरून चालले होते.

महाराष्ट्रात कदाचित ते बरोबर ठरलं असतं. गोव्यात नाही. मुक्तीनंतरही इथे पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंब आणि मालमत्तेचा भाग चालू राहिला. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहे, पण तत्त्व तेच. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, वडिलोपार्जितसुद्धा, आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. म्हणजे त्या २ कोटींतला १ कोटी पहिल्यापासून पत्नीचाच होता. ती गेल्यावर तो तिच्या वारसांकडे, म्हणजे मुलगी आणि मुलगा यांच्याकडे, प्रत्येकी ५० लाख असा गेला.

उरला मास्तरांचा १ कोटी. त्यातही गोव्याचा कायदा मुलांसाठी अर्धा भाग राखून ठेवतो. मृत्युपत्राने किंवा बक्षीस म्हणून परक्याला देता येतो तो फक्त उरलेला अर्धा. जास्त दिलं तर दाता गेल्यावर वारस ते कमी करून मागू शकतात. मुलं आज ‘आमची हरकत नाही’ म्हणाली तरी हयात माणसाच्या भावी वारशावर आधीच पाणी सोडता येत नाही. वकीलबाईंनी हे समजावून सांगितल्यावर मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे माझ्या हातात पाव भाग?’ त्यांच्या आकड्यांत बोलायचं तर होय, ५० लाख.

मुलीने लगेच आपले ५० लाख देऊ केले. मडगावला नोकरी, स्वतःचं घर आणि आईच्या शेवटच्या वर्षात रजा काढून तिच्याजवळ राहिलेली ती. तिच्या निर्णयात कसलाही आढेवेढा नव्हता. मुलगाही तितकाच तयार होता, पण अडचण त्याच्याच बाबतीत आली. तो इंग्लंडमध्ये असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. त्या वाटेने गेलेली मुलं आता गोव्यातल्या बहुतेक गावांत सापडतील. मात्र ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि परदेशी नागरिकाने दिलेली देणगी विदेशी योगदान कायद्याखाली येते. पैसा भारतातल्या बँकेत असो, रुपयांत असो, आईच्या वारशातून आलेला असो, त्याने फरक पडत नाही. देणारा कोण एवढंच पाहिलं जातं. उलट दुबईत राहणारा त्यांचा चुलतभाऊ, भारतीय पासपोर्टवाला, बँकेतून रीतसर पैसे पाठवतो ते विदेशी योगदान ठरत नाही.

विदेशी योगदान घ्यायला केंद्रीय गृहखात्याची नोंदणी लागते आणि त्यासाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी आणि काम केलेली असावी लागते. नव्या ट्रस्टला ते शक्य नव्हतं. कुणीतरी सुचवलं की भावाने पैसे बहिणीच्या खात्यात टाकावेत आणि तिने पुढे द्यावेत. मी, वकीलबाई आणि हिशेब तपासनीस, तिघांनीही याला स्पष्ट नकार दिला. ज्या संस्थेच्या नावावर उद्या तरुण संशोधक आपली उमेदीची वर्षं टाकणार आहेत, तिच्या पायाभरणीत असली पळवाट नको. मुलाचे ५० लाख बाहेर राहिले. तो तिकडे कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेला दरमहा देणगी देऊ लागला. लोकांच्या देणग्यांवर कर्करोग संशोधन चालवणारी ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी संस्था आहे.

अशा रीतीने २ कोटींचा १ कोटी झाला. सहा-सात महिने यातच गेले. या बाबतीत माझं मत ठाम आहे: गोव्यात स्मरणार्थ निधी उभा करायचा असेल तर फेलोशिपचा फॉर्म छापण्याआधी वकिलाकडे जावं.

कायमचा दिवा की दहा वर्षांचं काम

ट्रस्टचा दस्त उपनिबंधकाकडे नोंदला, आयकर खात्याची तात्पुरती नोंदणी झाली. या टप्प्यावर मास्तरांची एक इच्छा बाजूला ठेवावी लागली. त्यांच्या भावाची मुलगी जीवशास्त्रात पीएच. डी. करते आहे आणि हुशारही आहे. पण दात्याच्या जवळच्या नातेवाइकाला ट्रस्टच्या पैशाचा लाभ दिला तर करसवलत जाते, आणि भावंडांची मुलं त्या व्याख्येत येतात. पुतणीनेच काकांना सांगितलं, ‘मी अर्ज करणार नाही.’

मग आकडेमोड. १ कोटीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७ लाख. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून ठरवलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन फेलोला महिन्याला ३७,००० मिळतात आणि पीएच. डी. झालेल्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून पुढे. घरभाडं भत्ता वेगळा. नुसते ५८,००० धरले तरी वर्षाचे ६,९६,००० होतात. म्हणजे व्याजावर एक अनुभवी संशोधक कसाबसा पोसला जातो आणि त्याला काम करायला कागद-पेनापलीकडे काही उरत नाही. शिवाय सरकारी दर वाढत जातात. २०१९ मध्ये कनिष्ठ फेलोला ३१,००० होते, चार वर्षांत ते ३७,००० झाले. ठेवीचं मुद्दल मात्र आहे तेवढंच राहतं.

मी मांडलेला पर्याय असा: मुद्दलासकट खर्च करायचं. ७ टक्के व्याज धरलं तर त्याच १ कोटीतून वर्षाला सुमारे १४ लाख खर्च करून निधी दहा वर्षं चालतो. एका संशोधकाचं मानधन, घरोघर जाऊन माहिती गोळा करणारा एक क्षेत्रसेवक, प्रवास, छपाई, संगणक, सगळं त्यात बसतं.

मास्तरांना हे पचेना. ‘बाई, दहा वर्षांनी तिचं नाव राहणार नाही ना मग.’ या वाक्याला माझ्याकडे हिशेबाचं उत्तर नव्हतं आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. मुलीने मध्यम मार्ग काढला. पहिली फेलोशिप तीन वर्षांची, वर्षाला १२ लाखांपर्यंत. व्याजाला कमी पडेल ते मुद्दलातून. तीन वर्षांनी विश्वस्तांनी बसून पुढचं ठरवायचं. मुद्दलाला हात लावायची मुभा मूळ दस्तातच लिहून ठेवली. हे कलम नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काजूचं टरफल आणि सत्तरीतली गावं

अर्ज थोडेच आले आणि बहुतेक चांगले होते. शेवटी दोन उरले.

पहिला अर्ज एका तरुण जैवरसायनशास्त्रज्ञाचा. काजूच्या टरफलातल्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल असतं. पेशींमधल्या जनुकांचं नियमन करणाऱ्या काही विकरांना (एन्झाइमना) ते अडवतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्यावरून बनवलेले नवे रेणू स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासायचे असा त्याचा बेत. काजू म्हणजे गोव्याचं पीक, औषधाची आशा, बोलणारा उत्साही. मास्तरांचे डोळे चमकले ते मी पाहिलं.

दुसरा अर्ज पीएच. डी. झालेल्या एका बाईंचा. मूल आणि सासऱ्यांचं आजारपण यांत त्यांची काही वर्षं गेली होती. कनिष्ठ फेलोशिपची वयोमर्यादा तिशीच्या आसपास असते, बायकांना पाच वर्षांची सवलत. ती ओलांडली की परतीची दारं फार थोडी राहतात. त्यांचा प्रश्न साधा होता. सत्तरी, डिचोली आणि पेडण्यातल्या बायकांना गाठ पहिल्यांदा हाताला लागते तिथपासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती दिवस जातात, आणि ते दिवस नेमके कुठे जातात? घरात, गावच्या दवाखान्यात, तपासणीच्या रांगेत, की निदान हाती आल्यावर? गोव्यात २०२१ पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या उपक्रमात स्तनांची तपासणी गावोगाव पोचते आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायला वेळही योग्य होती.

‘यातून औषध कुठे निघणार?’ मास्तरांनी विचारलं.

मी त्यांना बार्शीची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागात सगळे रुग्ण आपणहून रुग्णालयात पोचत नाहीत, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणं समजावत. त्याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. सुमारे १,३०,००० बायकांचे गट पाडून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी उपयोगी ठरते ते पाहिलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे होते. या कामामागे पैसा होता गेट्स फाउंडेशनचा, म्हणजे धर्मादाय अनुदानाचाच. त्यात नवं औषध एकही नव्हतं. गावं होती, याद्या होत्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारी माणसं होती. बार्शीचं नाव मास्तरांना नवीन नव्हतं. ते ऐकत राहिले.

काजूच्या अर्जाबद्दल मी काहीही वाईट बोलले नाही, कारण तो वाईट नव्हता. पण पेशी वाढवायची स्वच्छ खोली, आयात करावं लागणारं सीरम, गोठवून आणावी लागणारी प्रतिपिंडं, प्राण्यांवरचे प्रयोग, आणि बशीतल्या पेशी मरण्यापासून माणसाला गोळी मिळेपर्यंतचं कैक वर्षांचं अंतर. १२ लाखांत त्यातला एक कोपराही नीट झाला नसता. अशा कामाला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग किंवा इंडिया अलायन्ससारख्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेची मोठी फेलोशिप हवी. आम्ही त्या मुलाला तसं कळवलं आणि पुढच्या अर्जासाठी समितीतल्या एका सदस्याने त्याच्याबरोबर बसून प्रस्ताव सुधारला. छोट्या दात्याला हेही करता येतं आणि त्याला पैसा लागत नाही.

फेलोशिप बाईंना मिळाली.

मानधन कुठून जातं

इथून पुढची अडचण मला सर्वांत जास्त लागली. नियमाप्रमाणे पैसा आधी यजमान संस्थेकडे दिला. संस्थेचं नाव मी घेत नाही. तिथे ‘खाजगी ट्रस्टकडून आलेली फेलोशिप’ हे खर्चाचं शीर्षच नव्हतं. फाइल लेखा विभागातून प्रशासनाकडे, तिथून परत. रक्कम जमा झालेली, आदेश नाही. संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या आचारसमितीची मंजुरीही अजून यायची होती, म्हणून कुणी म्हणालं की काम सुरूच झालं नाही तर मानधन कसलं. बाई मात्र रोज येत होत्या. मुलाखतीची प्रश्नावली मराठी-कोकणीत तयार करत होत्या, जुन्या नोंदी कशा मागायच्या ते ठरवत होत्या. घरच्यांना सांगून, मुलाला पाळणाघरात ठेवून आलेली बाई चार महिने बिनपगारी.

समितीने यावर नियम बदलला. मानधन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ट्रस्टमधून थेट फेलोच्या खात्यात, यजमान संस्थेच्या लेखी संमतीने. संस्थेकडे फक्त साहित्य आणि प्रवासाचा पैसा, त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वर्षाअखेर. आणि मानधन रुजू होण्याच्या तारखेपासून, आचारसमितीच्या मंजुरीच्या तारखेपासून नव्हे. रुग्णांवरच्या अभ्यासाला आचारसमितीची मंजुरी हवीच, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याबाबत स्पष्ट आहेत आणि ते योग्यच आहे. पण त्या वाटेवरचे महिनेही संशोधनाचेच असतात. चार महिन्यांची थकबाकी मुलीने, म्हणजे ट्रस्टच्या खजिनदाराने, एका रकमेत दिली.

नोंदवहीतलं एक पान

मास्तरांची एक अट होती. दर सहा महिन्यांनी दोन पानी अहवाल, मराठीत, तेही त्यांना कळेल असा. फेलोबाईंना आधी हा ताप वाटला होता. आता त्या म्हणतात की इंग्रजी मसुद्यात लपणारी अस्पष्टता मराठीत लगेच उघडी पडते.

दुसऱ्या अहवालाला त्यांनी क्षेत्रसेविकेच्या नोंदवहीतलं एक पान जोडलं होतं, नाव-गाव झाकून. ‘पत्ता: वरचा वाडा, चाफ्याच्या झाडाकडचं घर. फोन: पुतण्याचा, तो कळंगुटला हॉटेलात कामाला. पहिली भेट: घर बंद, माहेरी गेली. दुसरी भेट: भेटली. गाठ चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी लागली. सांगितलं दिवाळीनंतर. कारण: सुनेचं बाळंतपण होतं.’

मास्तरांनी ते पान माझ्यासमोर वाचलं. गाठ आपल्या घरात कधी लागली आणि कधी बोलली गेली याचा हिशेब त्यांनी मनात मांडला असणार. ते म्हणाले एवढंच, ‘चवथ ते दिवाळी. हे औषधाने बरं होणार नाही.’

अशा पानांमुळे अभ्यासाचं वळणही थोडं बदललं. रुग्णालयातल्या नोंदीत दिवस मोजायला सुरुवात होते ती पहिल्या भेटीच्या तारखेपासून. त्याआधीचा काळ फक्त घरी जाऊन, ओळख झाल्यावर, सणांच्या आधाराने विचारला तर कळतो. तारीख कुणालाच आठवत नाही, पण गाठ शिगम्याच्या आधी की नंतर, हे प्रत्येकीला आठवतं. बाईंनी प्रश्नावलीत तारखांच्या जागी सणांचं वर्षच मांडलं. क्षेत्रसेविकेचा पगार त्यांच्या मूळ अर्जात नव्हता, तो आम्ही आग्रहाने घातला होता. आज मागे पाहता संपूर्ण निधीतला सर्वांत मोलाचा खर्च तोच आहे असं माझं मत आहे.

सध्या

फेलोशिपचं तिसरं वर्ष चालू आहे. मुलाखती जवळजवळ संपल्या आहेत, विश्लेषण चालू आहे. निष्कर्ष छापून येण्याआधी त्यांबद्दल इथे लिहिणं योग्य नाही. मुद्दल अर्थातच १ कोटीच्या खाली आलं आहे.

बाईंनी एक वर्षाची मुदतवाढ मागितली आहे. ज्या बायकांशी त्या बोलल्या त्यांच्यापैकी किती जणींनी उपचार पूर्ण केले हे पाहायचं आहे आणि त्यासाठी पुन्हा त्याच वाड्यांवर जावं लागेल. दुसरीकडे मास्तरांच्या मनात नवी फेलोशिप जाहीर करायची आहे, या वेळी एखाद्या परिचारिकेसाठी. दोन्ही एकदम केलं तर निधी चार-पाच वर्षांत संपेल. दुबईच्या चुलतभावाने काही रक्कम देऊ केली आहे. मुलगा विचारतो आहे की ट्रस्टला तीन वर्षं झाल्यावर विदेशी योगदानाच्या नोंदणीसाठी अर्ज करता येईल का. हिशेब तपासनीस कागद गोळा करताहेत.

मार्चमध्ये विश्वस्तांची बैठक आहे. मी मुदतवाढीच्या बाजूने मत देणार आहे आणि क्षेत्रसेविकेचा पगार वाढवायचा ठरावही त्याच बैठकीत मांडणार आहे.